उलट्या पट्टीवरचा गास्पार

गास्पार उरुतियाला एल्को गावात सगळे ‘उलटा गास्पार’ म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे. रोज सकाळी न्याहारी आटोपली की तो डोक्यावर टोपी चढवून रूबी लँटर्न कॅसिनोत जाई, फाशांच्या टेबलाचा आपला ठरलेला कोपरा धरून उभा राही आणि फासे कुणाच्याही हातात असोत, त्याच्या विरुद्ध पैसे लावी. एकदा कुणाच्या तरी लग्नानंतर खुद्द पाद्रीच फासे टाकायला उभे राहिले, तर हा बहाद्दर त्यांच्याही विरुद्ध गेला आणि जिंकला. जिंकलेले पैसे त्याने रविवारी मुकाट्याने चर्चच्या पेटीत टाकले, पण पाद्र्यांनी ते बरेच दिवस मनात धरलं होतं.

एदुर्ने ही त्याची एकुलती एक लेक. खाणीच्या कचेरीत पगाराचं काम करायची. चांगली बसून खायची नोकरी. पण वसंत लागताच तिने ती सोडली आणि स्टेशनामागच्या गल्लीतली आपल्या आईची बंद पडलेली खाणावळ पुन्हा उघडायला घेतली. भिंती रंगवल्या, लांबलचक टेबलं घासूनपुसून काढली, भट्टी पेटती केली. शनिवारी पहिली पंगत बसायची होती. अर्ध्या गावाला आमंत्रणं गेली होती, आणि ज्या एका माणसाने यावं असं तिला वाटत होतं तो मात्र सोमवारी आपल्या स्वयंपाकघरात बसून पावाला लोणी लावत होता.

“शनिवारी या, आइता,” ती म्हणाली. वडिलांना ती लहानपणापासून आइताच म्हणे. त्यांच्या बास्क लोकांत तसंच म्हणतात. “तुमची खुर्ची ठेवलीय. स्वयंपाकघराच्या दाराजवळची.”

“नाही यायचो.”

“का, ते तरी सांगा.”

“त्यात सांगायचं काय? बुडणार ते. मेंढपाळ गेले, रेल्वेवाले गेले. आता कोण बसणार आहे अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवायला?”

“खाणीतली पोरं बसतील. मी विचारलंय त्यांना.”

“विचारलंस! तोंडावर कोण नाही म्हणतं?” त्याने सुरी खाली ठेवली. “तुला जुगार म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे का? आधी टेबलावर येऊन उभी राहा. दहा माणसांसमोर पैसे जाताना कसं वाटतं ते बघ. मग मला खाणावळ शिकव.”

एदुर्नेला राग आला. त्या खाणावळीचं नाव निघालं की तो असाच तुसडेपणा करी, आणि त्याचं कारण तिला माहीत होतं. तिच्या आईला, ग्रासियानाला, खाणावळ काढ म्हणून यानेच भरीला घातलं होतं. ग्रासियानाने ती उत्तम चालवली. लसणाचं सूप, घेवड्याचं कालवण, कोकराचा रस्सा आणि वर आल्यागेल्याची विचारपूस. मग एका दुपारी हातात डाव घेऊन ती भट्टीपुढे कोसळली ती उठलीच नाही. गास्पारने दाराला कुलूप लावलं आणि त्या दिवसापासून तो स्टेशनामागच्या गल्लीत पाऊल टाकेना. पोस्टात जायचं तरी सगळ्या इमारतींना वळसा घालून जाई.

पण एदुर्नेही उरुतियाच होती. टेबलावर ये म्हणालात ना, मग येते, असं तिने मनाशी ठरवलं.

रूबी लँटर्नमध्ये रोज सकाळी टेबल उघडण्याआधी फाशांची फुकट शिकवणी असते. खेळायला शिकलेला माणूस खेळायला थांबतो, एवढा साधा हिशेब. शिकवायला ओपल टिबेट्स. जाडजूड, पांढऱ्या केसांची, ओठांना भडक रंग लावणारी ही बाई आयुष्यभर त्या टेबलावर काठी धरून उभी होती. टाकलेले फासे टोकाशी वाकवलेल्या लांब काठीने ओढून घ्यायचे, मोठ्याने आकडा सांगायचा आणि टाकणाऱ्यापुढे पुन्हा सरकवायचे, हे तिचं काम. मंगळवारी शिकवणीला एदुर्ने एकटीच होती.

“उरुतियाची पोर ना तू?” ओपल म्हणाली. “बापाने पाठवलं?”

“एका परीने.”

“बरं. आधी सगळ्यात महत्त्वाचं. सहा आणि आठच्या मधला जो आकडा आहे ना, त्याचं नाव या टेबलावर घ्यायचं नाही.”

“सात?”

ओपलने छातीवर हात ठेवला. “शिकवणीत ठीक आहे. खऱ्या खेळात म्हणालीस तर माणसं तुला उचलून रस्त्यावर ठेवतील. आम्ही त्याला ‘तो मेला’ म्हणतो. आता बघ, ही कडेने गेलेली पास पट्टी. इथं पैशांची चकती ठेवलीस म्हणजे तू फासे टाकणाऱ्याच्या बाजूची. पहिल्या फेकीला मेला आला किंवा अकरा आला, तर तिथल्या तिथं जिंकलीस.”

“म्हणजे मेला चांगला?”

“पहिल्या फेकीला चांगला, नंतर वाईट. पाहुण्यासारखं आहे त्याचं. दोन, तीन किंवा बारा आला तर पैसे गेले. बाकी चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा यांतलं काहीही आलं तर तो झाला तुझा आकडा. त्या आकड्यावर आम्ही ही पांढरी चकती ठेवतो. मग तू टाकत राहायचं. तोच आकडा पुन्हा आला तर जिंकलीस. त्याआधी मेला आला तर सगळं साफ, आणि फासे पुढच्या माणसाकडे.”

एदुर्नेने टाकून पाहिले. पहिल्याच खेपेला ओपल खेकसली, “एक हात! दोन्ही हातांत खुळखुळवायचे नाहीत, मालकाला वाटतं तू बदललेस. आणि समोरच्या भिंतीवर आपटायला हवेत. नाही, एवढ्या जोरात नाही! गेला बघ टेबलाखाली.” फासा शोधून आणल्यावर ती म्हणाली, “असा बाहेर उडाला तर लगेच म्हणायचं, ‘तेच फासे द्या.’ तसं म्हटलं नाहीस तर दुसरे देतात, आणि दुसऱ्या फाशांनी पहिल्यांदा मेलाच येतो असं सगळे मानतात. मी मानत नाही, पण मीही तेच मागते.”

मग तिने काठीचं टोक दुसऱ्या, बारीक पट्टीवर टेकवलं. “ही उलटी पट्टी. इथं सगळं उलट. सगळे रडतात तेव्हा हा हसतो. फक्त बारावर याला ना नफा ना तोटा, तेवढी मालकाची चलाखी.”

“माझे आइता इथं लावतात.”

“गावाला माहितेय ते. आता नियम ऐक. एकदा आकडा पडला की पासवाल्याला आपली चकती उचलता येत नाही. निकाल लागेपर्यंत अडकला तो. उलट्याला मात्र केव्हाही उचलून चालू पडता येतं.”

“हा कुठला न्याय?”

“न्यायच आहे. आकडा पडल्यावर पारडं उलट्याचं जड. चार घे. एक-तीन, तीन-एक, दोन-दोन, असे तीनच रस्ते. मेल्याचे सहा. म्हणजे चारावर उलटा दुप्पट भारी. अशा वेळी चकती उचलणं म्हणजे तोंडाशी आलेला घास ताटात परत ठेवणं. मालक म्हणतो, उचल बाबा, आम्हाला तेवढंच बरं. मी इथं म्हातारी झाले, पण शुद्धीवर असलेल्या माणसाने उचललेली पाहिली नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने शेवटचा धडा दिला. पास पट्टीवरच्या चकतीच्या मागे थोडी मोकळी जागा असते. आकडा पडला की तिथं आणखी चकत्या ठेवता येतात, आणि सबंध कॅसिनोत ही एकच जागा अशी की जिथं मालक आपला वाटा कापत नाही. जेवढा धोका तेवढाच मोबदला. चारावर दामदुप्पट. “जाणता माणूस पट्टीवर थोडं ठेवतो आणि मागे जास्त,” ओपल म्हणाली. “तुझा बाप तसंच करायचा.”

“आइता? पास पट्टीवर?”

“अगं, हा कोपरा दणाणून सोडायचा तो! कुणाच्याही हातात फासे असोत, हा त्याच्या बाजूने. टोपी उडवायचा, सगळ्यांना पिकोन दारूचे पेले पाजायचा, बायकोकडून शिव्या खायचा. तिला पुरलं, आठवडाभराने आला आणि काही न बोलता उलट्या पट्टीवर चकती ठेवली. मला वाटलं चुकला. म्हटलं, गास्पार, ती पट्टी नव्हे. म्हणाला, ‘हीच.’” ओपलने खेळण्यातल्या चकत्या गोळा करून डब्यात टाकल्या. “तेव्हापासून मी परत विचारलं नाही.”

शुक्रवारी सकाळी एदुर्ने टेबलाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पंगत होती, कांद्याची पोती दारात तशीच पडली होती आणि तिला खरं म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. गास्पार आपल्या कोपऱ्यात होता. त्याच्या शेजारी लॉयल हॅच, खाणीतल्या अजस्र ट्रकांचा मेकॅनिक, पाळी संपवून आलेला, तेलकट बोटांचा आणि अखंड बडबड्या.

“इथं काय करतेस?” गास्पारने विचारलं.

“टेबलावर ये म्हणालात. आले.”

“आज? बीन्स कोण बघतंय?”

“कुणी नाही.”

त्याने मान हलवली आणि हिरव्या कापडाकडे पाहू लागला. लॉयलला मात्र उत्साह आला. “अरे वा, सुगरण आली! उद्या आम्ही सहा जण येतोय हं. रस्सा पातळ असला तर परत जाऊ.”

“आधी आलास तर बटाटे सोलायला बसवीन,” एदुर्ने म्हणाली.

लॉयलचे फासे लवकरच बुडाले आणि ओपलने काठीने ते एदुर्नेपुढे सरकवले. तिने पास पट्टीवर एक लाल चकती ठेवली. मग तिने कोपऱ्याकडे पाहिलं. आपण हे केवळ एवढ्यासाठी केलंय हे त्या क्षणी तिला कळलं. त्याने एकदा, फक्त एकदा आपल्या बाजूने लावावं. शनिवारची खुर्ची, खाणावळ, सगळं त्यातच आलं.

गास्पारने लाल चकती उचलली, बोटांत फिरवली आणि उलट्या पट्टीवर ठेवली.

“अरे, पोटची पोर आहे!” लॉयल ओरडला.

“टेबलाला नातं कळत नाही,” गास्पार म्हणाला.

फासे तिथंच टाकून निघून जावं आणि उद्या ती खुर्ची माळ्यावर टाकून द्यावी असं एदुर्नेला वाटलं. पण समोर ओपल काठी धरून उभी होती, आणि रडत बाहेर पडण्याइतकी ती लहान राहिली नव्हती. तिने एका हाताने फासे उचलले आणि टाकले.

“अकरा! पास जिंकली!” ओपलने पुकारा केला. लॉयलने टेबलाच्या काठावर थाप मारली. गास्पारची चकती गेली. त्याने शांतपणे दुसरी ठेवली, त्याच जागी.

पुढची फेक पडली तीन आणि एक. “चार. आकडा चार,” ओपल म्हणाली आणि पांढरी चकती चारावर गेली. लॉयल कण्हला. चार आणि दहा, पासवाल्यांचं सगळ्यात अवघड दुखणं. एदुर्नेने वडिलांकडे पाहिलं नाही. पारडं आता कुणाचं जड आहे हे तिला पाठ होतं.

तिने नऊ टाकले. मग सहा. मग हात घामेजला होता म्हणून की राग होता म्हणून, एक फासा समोरच्या भिंतीवरून उसळला, काठ ओलांडून गेला आणि स्टुलांच्या पायांत कुठंतरी घरंगळला. ओपलने नवे फासे पुढे केले आणि डोळे मोठे करून एदुर्नेकडे पाहिलं. काहीतरी म्हणायचं असतं एवढं तिला आठवलं. काय, ते मात्र डोक्यातून साफ गेलं होतं.

“तेच,” कोपऱ्यातून आवाज आला. “तेच फासे द्या तिला.”

सगळ्यांनी वळून गास्पारकडे पाहिलं. उलट्या पट्टीवर पैसे लावून बसलेल्या माणसाला नवे फासे आले तर हवेच असतात.

“काय बघताय?” तो गुरगुरला. “पोरीला बोलता येत नाहीये. लॉयल, तो फासा शोध. कमरेत वाकायला काय पैसे पडतात?”

लॉयल टेबलाखाली शिरला. फासा मिळाला, तो देखरेखीला बसलेल्या साहेबाकडे गेला, आणि साहेब तो उजेडात धरून सगळ्या बाजूंनी निरखत बसला. तेवढ्या वेळात करायला काही नव्हतं. एदुर्ने टेबलाच्या काठाला दोन्ही हात धरून उभी होती. गास्पार तिच्या हातांकडे बघत होता.

“मनगटाला काय झालं?” त्याने विचारलं.

“भाजलं. भट्टीचं दार आपोआप मिटतं.”

“डाव्या मनगटाला. आतल्या बाजूने.”

“हो.”

“तिलाही तिथंच भाजायचं.” तो म्हणाला. “वरची बिजागरी सैल आहे त्या दाराची. खाली लाकडाची पाचर मारावी लागते. तुला कुणी सांगितलं नाही?”

“सांगणारा माणूस इथं उभा असतो, आइता. रोज सकाळी.”

गास्पारने टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी परत घातली. साहेबाने मान डोलवली आणि तोच फासा ओपलच्या काठीने सरकत एदुर्नेपुढे आला.

“थांब,” गास्पार म्हणाला. “ओपल, माझी उचल.”

“काय उचल?”

“उलट्या पट्टीवरची. माझी चकती. खाली घे.”

ओपलने काठीचं टोक पांढऱ्या चकतीकडे केलं. “गास्पार, आकडा चार आहे.”

“दिसतंय मला.”

“तू दुप्पट भारी आहेस.”

“मोजता येतं मला, बाई. तुझ्याआधी येत होतं. उचल.”

पैशांकडे बघणाऱ्या माणसाने साहेबाकडे पाहिलं, साहेबाने खांदे उडवले आणि चकती गास्पारपुढे परत आली. गास्पारने ती चकती घेतली, आपल्यापुढच्या खाचेतल्या उरलेल्या लाल चकत्याही गोळा केल्या आणि कोपरा सोडून टेबलाच्या कडेकडेने एदुर्नेपाशी आला. त्याला त्या कोपऱ्यातून हललेला कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

“घे,” त्याने मूठ तिच्या हातात रिकामी केली. “तुझ्या चकतीच्या मागे ठेव. सगळ्या.”

“सगळ्या?”

“ओपलने काय शिकवलं? मागे जास्त ठेवायचं.”

एदुर्नेने त्या एकावर एक रचून आपल्या एकुलत्या चकतीच्या मागे ठेवल्या. तिचे डोळे भरून आले होते. हे गेले तर फार वाईट होईल, असं तिच्या मनात आलं. पासची चकती आता उचलता येत नव्हती. तिने फासे टाकले.

एक फासा भिंतीला लागून लगेच थांबला. चार. दुसरा कडेवर फिरत राहिला, फिरत राहिला आणि आडवा झाला. तीन.

ओपलने आकडा पुकारला नाही. नियमाने पुकारायला हवा होता. तिने फक्त काठी पुढे केली, आणि पैसे बघणाऱ्या माणसाने एदुर्नेची चकती आणि तिच्यामागचा गास्पारचा ढीग एकाच हाताने ओढून नेला.

“उचलली नसतीस तर जिंकला असतास, म्हाताऱ्या,” लॉयल हळूच म्हणाला.

“जिंकलो असतो,” गास्पार म्हणाला. आणि तो हसला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत. एदुर्नेने ते हसणं शेवटचं आईच्या हयातीत ऐकलं होतं. तिलाही हसू फुटलं आणि रडूही, दोन्ही एकदम, आणि ओपलने आपला रुमाल टेबलावरून तिच्याकडे फेकला, जे नियमात अजिबात बसत नाही.

“लाकूड आहे का तिथं?” गास्पारने विचारलं. “पाचरीला?”

“फळ्या आहेत मागच्या अंगणात.”

“आणि बीन्स भिजत घातलेस?”

“अजून नाही.”

“मग इथं कशाला उभी आहेस?” त्याने टोपी घट्ट बसवली. “लॉयल, तूही चल. बटाटे सोलायचेत ना तुला?”

बाहेर ऊन चांगलं चढलं होतं. स्टेशनाच्या कोपऱ्याशी आल्यावर एदुर्नेचे पाय सवयीने वळशाच्या रस्त्याकडे वळले. वडिलांबरोबर चालताना ते नेहमी तसेच वळत. गास्पार मात्र सरळ गल्लीत शिरला. तो भरभर चालत होता. दाराजवळ पोचल्यावर त्याचा वेग कमी झाला, आणि कुलपापाशी तो थांबलाच.

“बुडाली तर, आइता?” तिने किल्ली काढत विचारलं.

“आत्ता बुडालोच की दोघं,” तो म्हणाला. “उघड. आधी ते दार बघू.”